बावीस स्तोत्रं

सागीन शाळेत आला तेव्हा मुलींचं वसतिगृह सांभाळणारी कलिपा कोबी चिरत होती. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, पिंपभर कोबी खारवून ठेवायचा होता, आणि दुपार कधीच कलायला लागली होती. सागीननं टोपी काढून हातात घेतली, कुणी बस म्हणायच्या आत लाकडाच्या पेटीवर बसला.

"एजे, चहा नको. आधी हात पुसा." लहानथोर सगळे कलिपाला एजे, म्हणजे ताई, म्हणत.

डोंगरातून खाली आलेला माणूस चहा नको म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी वाईट असतं, एवढं कळायला कलिपाची पंचावन्न वर्षं पुरेशी होती. सागीन म्हणजे बुरुलचा मामा. बुरुल नऊ वर्षांची, वसतिगृहातल्या अठरा मुलींत सगळ्यात बडबडी. बाप ती रांगत असतानाच घोड्यावरून पडून गेलेला. आई नुरझान, बुरुलची आपा, मॉस्कोत एका मोठ्या दुकानाच्या फरशा पुसायची आणि दर रविवारी फोन करायची. गेल्या रविवारी फोन आला नव्हता.

"न्युमोनिया," सागीन म्हणाला. "सुट्टी मागितली तर काम जाईल म्हणून अंगात ताप घेऊन फरशा पुसत राहिली. पाच तारखेला गेली. परवा गावात माती दिली."

"आणि पोरीला नेलं नाहीस?"

"घाटात बर्फ आहे, एजे. नेली असती तर परत कशी आणली असती?" त्यानं टोपी गोल फिरवली. "तिला तुम्ही काही बोलू नका. अशी बातमी उभ्या उभ्या देतात का? मी येईन, दोन म्हातारे घेऊन येईन, रीतीनं बसवून सांगू. तोवर आजारी आहे म्हणा. मग जरा जास्त आहे म्हणा. एकदम घाव घालायचा नाही पोरीवर."

कलिपानं मान डोलावली. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. मृत्यूची बातमी म्हणजे काही टपालाची थैली नव्हे, की ज्याच्या हाती लागेल त्यानं उघडावी. ती द्यायचा मान थोरांचा. तिचे स्वतःचे वडील वारले तेव्हा ती शहरात शिकत होती, आणि तिला ते तीन महिन्यांनी, परीक्षा झाल्यावर, चार काकांनी मध्ये बसवून सांगितलं होतं. त्यांच्या त्या मायेची आठवण ती अजून काढायची.

मुख्याध्यापक यान्त्सेनला मात्र ते पटेना. शाळेचं गाव मुळात जर्मनांचं, कागदोपत्री नाव काहीही असो, सगळे अजून जर्मनांचं गावच म्हणत. पण जर्मन घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि यान्त्सेनचं त्यातलं एक. सरळ माणूस, इतका सरळ की त्याच्याबरोबर वळणावर चालणं कठीण.

"म्हणजे पोरीशी खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. उशीर."

"किती उशीर, कलिपा एजे?"

"घाट उघडेपर्यंत."

"ते तिच्या घरचे आहेत, मी नाही," यान्त्सेन म्हणाला. "पण ओमा युस्टिनाला मला कळवावंच लागेल. मुलाच्या घरी काय झालं ते पालकत्व घेणाऱ्याला कळवायचं, हा आपला नियम आहे."

शाळेतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला असं कुणीतरी होतं. नव्वद साली गाव सोडून जर्मनीत गेलेली माणसं, तिथे म्हातारी झालेली, इथल्या एकेका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलायची. मुलाची वह्या-पुस्तकं, जेवणखाण, बूट आणि बायबल सगळं त्यात आलं. बुरुलची ओमा, म्हणजे जर्मन भाषेत आजी, युस्टिना ब्याऐंशी वर्षांची होती, आणि मुली झोपायच्या ते घर एके काळी तिचंच होतं. अंगणातलं सफरचंदाचं झाड तिनं लावलेलं. शेजारच्या कुंपणापलीकडच्या छोट्या कलिपाला जर्मन अक्षरं तिनंच गिरवायला शिकवली होती. म्हणून तर आता इकडची पत्रं तिकडच्या भाषेत आणि तिकडची इकडच्या भाषेत करायचं काम कलिपाकडे होतं.

पहिले तीन रविवार फोन बिघडलाय यावर निभावले. खोटं एकटं राहत नाही, त्याला लगेच भावंडं होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला कलिपा दुसरी पायरी चढली. बुरुलला जवळ घेतलं, वेणी घालता घालता म्हणाली, "तुझी आपा जरा आजारी आहे गं. दवाखान्यात आहे. तिथे फोन ठेवू देत नाहीत."

बुरुलनं मान वळवली नाही. "खूप आजारी?"

"जरा."

"मग मी काय करू?"

"प्रार्थना कर," कलिपा म्हणाली. आजाऱ्यासाठी दुसरं काय सांगणार? जिभेवरून तो शब्द घसरला आणि नंतर तो परत घ्यायची सोय राहिली नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी बुरुल उठून उभी राहिली. देवाशी तिनं सरळ व्यवहार ठरवला. आई बरी होईपर्यंत ती चहात साखर घालणार नाही, आणि दर आठवड्याला एक स्तोत्र पाठ करील. "लहान लहान निवडणार नाही," तिनं देवाला बजावलं. अठरा मुलींनी डोळे मिटून नुरझानच्या बरं होण्यासाठी मागणं मागितलं. माती दिलेल्याला महिना होत आला होता. शेवटी सगळ्यांबरोबर कलिपाही आमेन म्हणाली. न म्हणून कसं चाललं असतं?

रोज संध्याकाळी हेच. एकदा यान्त्सेन दारात उभा राहून ऐकून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं कलिपाला गाठलं.

"एजे, हे देवाच्या दारात चाललंय. तुमची झोप उडत नाही?"

"उडते."

"मग?"

"मामाला फोन केला होता. घाट बंद आहे."

घाट काही सारा हिवाळा बंद नव्हता. मध्येच चार-चार दिवस उघडायचा. पण सागीनच्या मेंढ्यांना चारा कमी पडला, मग म्हाताऱ्यांपैकी एकाच्या छातीत दुखलं, मग कोकरं व्हायचा हंगाम आला. कलिपाही फोनवर जोर करीत नव्हती. जे काम आपल्याला करायचं नसतं त्याच्या आड आलेलं बर्फ कुणाला नको असतं?

एका गुरुवारी तिला राहवेना. मेलेल्या माणसाच्या नावानं गुरुवारी कढई चढवायची, तळणीचा वास निघाला की तो त्याला पोचतो, असं तिच्या आईकडचे मानायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा कलिपानं हे सगळं सोडलं होतं. आणि तिची आई तर मेलेल्यांचे विलाप गाण्यात पंचक्रोशीत नावाजलेली. तिच्याकडून आलेला गळाही पास्टरच्या सांगण्यावरून कलिपानं मिटून टाकला होता. पण त्या गुरुवारी तिनं पीठ मळलं, तेल तापवलं, आणि नुरझानचं नाव मनात घेऊन बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले. वासानं पोरी धावत आल्या.

"आज कुणाचा वाढदिवस आहे?" बुरुलनं विचारलं. तिच्या तोंडात दोन आणि मुठीत तीन होते.

"कुणाचा नाही. सहज."

"माझी आपा पण असेच फुगलेले करते," ती म्हणाली, आणि आपल्या आईच्या नावाचं तळण बोटं चाटत खाऊन गेली. कलिपानं कढईकडे तोंड फिरवलं. तेलाचा धूर डोळ्यांत गेला असं सांगायची तयारी तिनं करून ठेवली होती, पण कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत ओमा युस्टिनाचं पत्र आलं. बुरुल कलिपाच्या कोपराला चिकटून बसली. कलिपानं पहिल्या ओळी मनात वाचल्या. 'माझ्या लेकरा, तुझी आई गेल्याचं यान्त्सेननं मला कळवलं. माझीही आई मी अकरा वर्षांची असताना गेली. तेव्हा मला कुणी जवळ घेतलं नव्हतं, म्हणून मी तुला लिहिते आहे...' असं पानभर.

"काय म्हणते ओमा?"

"म्हणते, तिकडे खूप बर्फ आहे. आणि तिचं मांजर लठ्ठ झालंय."

"एवढंच? पान तर भरलंय."

"जर्मन शब्द लांब असतात, बाळ."

बुरुल हसली. मग तिनं उत्तर लिहायला घेतलं, वहीच्या पानावर, जीभ बाहेर काढून. 'ओमा, माझी आपा आजारी आहे. मी दहा स्तोत्रं पाठ केली. तूही प्रार्थना कर. तू फार जुनी आहेस, तुझं तो आधी ऐकेल.' कलिपानं ते जर्मनमध्ये करताना मांजराबद्दल लिहिलं, शाळेतल्या अभ्यासाबद्दल लिहिलं, आणि बाकीचं गाळलं. दोन्हीकडची कात्री तिच्याच हातात होती.

बुरुल पाठ करीत राहिली. आंघोळीच्या रांगेत, बटाटे सोलताना, चढावर धापा टाकत. एकोणीस, वीस, एकवीस. बिनसाखरेचा चहा आता तिला आवडायलाच लागला आहे असं ती सगळ्यांना सांगायची, आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायची.

मेच्या मध्याला सागीन आला. दोन म्हातारे आणि एक काळ्या रुमालातली म्हातारी घेऊन आला. शब्द पाळला म्हणायचं त्यानं. सफरचंदाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली. झाडाला फूल होतं. बुरुलला मध्ये बसवलं. मामा आला म्हणून ती आनंदानं फुलली होती आणि पाहुण्यांना चहा द्यायला धडपडत होती.

"बस, बाळ," थोरला म्हातारा म्हणाला. मग त्यानं जुन्या रीतीनं सुरुवात केली. मोठे मोठे खान आले नि गेले. डोंगर झिजतात, नदी पात्र बदलते. कुणाची घोडी आधी पोचते, कुणाची मागून, वाट सगळ्यांची एकच. सुंदर बोलायचा म्हातारा. असं बोलणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. "तुझी आई त्या वाटेनं गेली, बाळ. तिचं राहिलेलं आयुष्य देव तुला घालो."

म्हातारीनं विलापासाठी गळा साफ केला. आता पोरीनं हंबरडा फोडायचा, म्हातारीनं तिला कवेत घ्यायचं, सगळ्यांनी रडायचं, अशी रीत. बुरुल रडली नाही.

"कधी?"

"देवानं बोलावलं तेव्हा, बाळ..."

"कुठल्या तारखेला?"

म्हाताऱ्यानं सागीनकडे पाहिलं. सागीननं सतरंजीकडे. "पाच नोव्हेंबरला," तो म्हणाला.

बुरुलनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. कुणी तिला थांबवलं नाही. मोजून झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"मी बावीस पाठ केली," ती म्हणाली. "कुणासाठी?"

बुरुलची नजर फिरत फिरत कलिपावर येऊन थांबली.

"एजे, तुम्ही पण आमेन म्हणायचात. रोज."

एवढंच बोलली. उठली, कपबशा गोळा केल्या आणि आत गेली. "रडू दे तिला, गळा मोकळा होऊ दे," सागीन मागून म्हणत राहिला. पण रडायला कुणी होतंच कुठे तिथे! दुसऱ्या दिवशी न्याहरीच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, बुरुलनं मिटले नाहीत. तिनं चहात साखर घातली. एक चमचा, दुसरा, तिसरा. मग तो चहा तसाच टेबलावर ठेवून शाळेत निघून गेली.

माफी मागायची कलिपाची हिंमत होईना. एकदा तिनं वेणी घालता घालता सुरुवात केली, "माझ्या वडिलांच्या वेळी मलाही असंच..."

"वेणी मी घालीन," बुरुल म्हणाली आणि कंगवा काढून घेतला.

जूनमध्ये पत्रांची वेळ आली. बुरुलनं आपलं पान कलिपाच्या टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. 'ओमा, माझी आपा नोव्हेंबरमध्ये मेली. मला मेमध्ये सांगितलं. कलिपा एजे खोटं बोलली. सगळे खोटं बोलले. मी मेलेल्या माणसाला बरं कर म्हणून मागत होते. तू म्हातारी आहेस. तू मेलीस तर त्याच दिवशी मला कळव. नाही तर मी तुझ्यासाठी काही मागणार नाही.'

"सगळं लिहाल?" तिनं विचारलं.

"सगळं."

"मला कसं कळणार?"

कलिपानं पेन घेतलं आणि मोठ्यानं एकेक ओळ वाचत, तिच्यासमोर, जर्मनमध्ये उतरवली. 'कलिपा एजे खोटं बोलली' या ओळीला हात थांबला. बुरुल त्या हाताकडे बघत होती. कलिपानं ती ओळही लिहिली, आणि खाली स्वतःच्या वतीनं एक जोडली: 'हे खरं आहे, युस्टिना. तुझं फेब्रुवारीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही.' ती ओळही मोठ्यानं वाचली. बुरुलला त्या पत्राची गोष्ट तेव्हा कळली. ती बाहेर गेली आणि पुन्हा आत आली.

"ते पत्र कुठंय?"

कलिपानं ते खणातून काढून दिलं आणि अक्षरन् अक्षर अर्थ सांगितला. अकरा वर्षांची युस्टिना, तिची आई, कुणी जवळ न घेतलेलं. बुरुलनं ऐकलं, पत्राची घडी केली आणि बायबलमध्ये नाही, अंकगणिताच्या पुस्तकात ठेवली.

जुलैत उत्तर आलं. अक्षर थरथरत होतं. 'माझ्या पोटात गाठ आहे, बुरुल. डॉक्टर म्हणतात वर्षही नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. तुझं शिक्षण पुढे माझी मुलगी मार्गारेट बघेल, त्याची काळजी करू नको. मी तिला बजावलंय, त्याच दिवशी कळवायचं. कलिपा, हे तुझ्यासाठी: आता वाटेत काही सांडू नकोस.' कलिपानं तेही वाचलं. बुरुल दर आठवड्याला ओमाला लिहू लागली. प्रार्थनेला डोळे मात्र उघडेच.

ऑक्टोबरच्या शेवटी बटाटे तळघरात भरायचं काम चाललं होतं. कलिपा गुडघाभर मातीत होती. खिशात फोन वाजला. मार्गारेटचा निरोप, दोनच ओळी. आई आज पहाटे चारला गेली. बुरुलला सांगा.

कलिपा बटाट्यांच्या राशीवर बसली. आणि बघा माणसाची खोड, इतकं होऊनही पहिला विचार तोच आला. आज बुरुलची गणिताची परीक्षा. उद्या सांगू. आज नुसतं म्हणू, ओमाला बरं नाही. हा विचार पुरता व्हायच्या आत ती उठली, हातही न धुता अंगण ओलांडलं, आणि वर्गाचं दार उघडलं. यान्त्सेन फळ्यावर लिहीत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

"बुरुल," दारात उभ्या उभ्याच कलिपा म्हणाली. ना सतरंजी, ना म्हातारे, ना खानांची कथा. "ओमा युस्टिना वारली."

बुरुल बाकावरून उठली. "कधी?"

"आज. पहाटे चारला."

"आजच?"

"आजच. निरोप आत्ता आला. बघ." तिनं मातीनं भरलेला फोन पुढे केला. बुरुलनं जवळ येऊन पडद्यावरची तारीख पाहिली. वेळ पाहिली. मग ती वर्गातून निघून वसतिगृहात गेली. कलिपा मागोमाग गेली, पण दोन पावलं अंतर ठेवून.

बुरुल आपल्या खाटेवर चढली आणि भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ करून बसली. घरात कुणी गेलं की डोंगरातल्या बायका बसतात तशी. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तिनं तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शब्द आला, आणि तो ओमा नव्हता.

"आपा," ती म्हणाली. "आपा गं."

कलिपा तिच्याशेजारी बसली, भिंतीकडे तोंड करून. विलाप गाणाऱ्या बायकांसारखा हात आपोआप कमरेवर गेला. पंचवीस वर्षं मिटलेल्या गळ्यातून आईची चाल निघाली, आधी चिरकी, मग भरून.

"दूर देशी गं माझी माय गेली, पांढऱ्या घोडीवर माय गेली..."

विलापाची एक रीत आहे. ज्याचं माणूस गेलं त्यानं ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी उचलायची. तिच्यात फेरफार करायचा नाही, मग ती कुणालाही लागो. बुरुल हुंदके देत थांबली. मग तिनं आपली ओळ दिली.

"अठरा जणी माझ्याबरोबर आमेन म्हणाल्या, आणि मला कुणी सांगितलं नाही."

कलिपानं डोळे मिटले आणि ती ओळ उचलली.